ग्रहणातली कात्री

"उसव."

बाईंच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द हा. नाव विचारलं नाही, कुणाची कोण विचारलं नाही. मी नमुना म्हणून नेलेला परकर त्यांनी उलटा केला, आतली शिवण नखाने खरवडून पाहिली आणि तो माझ्या मांडीवर टाकला. मी विचारलं, सगळा? "सगळा. नेफ्यापासून." तो परकर मी लग्नाआधी मंचरला माहेरी शिवला होता आणि आईने कौतुकाने चार घरांत फिरवून दाखवला होता. उसवायला मला दोन दुपारी लागल्या. तिसऱ्या दुपारी त्याच कापडाचा पुन्हा शिवला, बाईंपुढे धरला. त्यांनी उलटा केला आणि म्हणाल्या, "उसव."

जुन्नरला स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. तिथे दुपारचा शिवणक्लास चालायचा. क्लास म्हणायचं ते आम्ही, कारण पाटी नव्हती, परीक्षा नव्हती आणि तीन मशिनींपैकी एक कायम आजारी असायची. आम्ही सात-आठ जणी, बहुतेक आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या सुना. माझं सासर लेण्याद्रीच्या रस्त्याला. दुपारी तीन तास घराबाहेर पडायचं हे एवढं एकच सभ्य कारण आम्हाला ठाऊक होतं. घरातली झबली-परकर घरातच होतील, शिंप्याची पायरी चढायला नको, हे सासवांना पटायचं, म्हणून तोंड वाकडं करत का होईना त्या पाठवायच्या.

नवं कापड आणायला बंदी होती. "नव्यावर कुनी बी शिवतं. इरलेल्यावर शिवून दाखवा." धोतर मधे विरतं आणि कडेला टिकतं, साडी टाचेपाशी झिजते आणि निऱ्यांत चांगली राहते, सदरा कॉलरला मरतो पण पाठीत अजून दोन वर्षं काढतो, हे मला त्यांनी शिकवलं. मोडक्या छत्रीच्या कापडाची डब्याची पिशवी व्हायची, कारण पावसात भाकरी भिजत नाही. युरियाची गोणी तीनदा धुऊन, उन्हात वाळवून तिच्या बाजाराच्या पिशव्या व्हायच्या. माझे वडील मंचरच्या बाजारातून कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या आणून द्यायचे, त्यांच्या बाई घासण्या करायच्या, आणि त्या बदल्यात महिनाभर मला फी मागायला विसरायच्या. खोलीत एका भिंतीशी चिंध्यांची बोचकी छताला लागलेली. गल्लीतला एक वाणी जाता-येता डिवचायचा, "बाई, एक ना धड, भाराभर चिंध्या!" बाई आतून उत्तर द्यायच्या, "धड कुनाकडं हाय? तुजं धोतार बग मागून." वाणी खरंच मागे वळून बघायचा.

माणसांची नावं त्या लक्षात ठेवत नसत. मापं ठेवत. मी बत्तीस. आणखी एक होती ती छत्तीस, आणि एक बिचारी डाव्या खांद्याने उतरती, तिला "उतरती" म्हणायच्या. "ए छत्तीस, इकडं ये!" अशी हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची आणि छत्तीस लाजेने अर्धी व्हायची. कुणाच्या तोंडाकडे त्या बघायच्याच नाहीत, आधी शिवण बघायच्या. एकदा एका लग्नात जेवणाच्या पंगतीत त्यांनी नवरदेवाच्या कोटाची बाही उलटी करून अस्तर तपासलं होतं. नवरदेवाला वाटलं सासरकडची कुणी मोठी बाई आहे, तो पाया पडला.

खोलीतलं घड्याळ तोंड भिंतीकडे करून टांगलेलं होतं. टिकटिक ऐकू यायची, काटे दिसायचे नाहीत. "घड्याळ बगत शिवलं की टाका लांब पडतो." किती वाजले असं कुणी विचारलं तर त्या विचारायच्या, "टाके किती झाले?"

शकुन-अपशकुन हा प्रकार त्यांच्याजवळ औषधालाही नव्हता. आम्ही दोघी एकदा एसटीने नारायणगावला दोऱ्याची रिळं आणायला चाललो होतो. कंडक्टरच्या खिशाचं बटण लोंबत होतं. बाईंनी अंबाड्यातली दोरा ओवलेली सुई काढली, कंडक्टरला खिशाला धरून ओढलं आणि बटण शिवायला लागल्या. अंगावरचं कापड शिवू नये म्हणतात, शिवलंच तर तोंडात काडी धरावी. कंडक्टर गांगरून म्हणाला, "अवो मावशी, काडी तरी धरू द्या." बाई म्हणाल्या, "काडी नगं. सुई टोचली तर वरडायला तोंड मोकळं पायजे." गाडी हसली. कंडक्टर हसला नाही. बटण मात्र नोकरी संपेपर्यंत निघालं नसेल.

हे सगळं आता सांगताना मजेचं वाटतं. तेव्हा आम्ही त्यांना भ्यायचो. एकीने बाही उलटी लावली म्हणून तिला तोच ब्लाउज घालून भर दुपारी बाजारातून घरी जायला लावलं होतं. पोरगी पदर गळ्याभोवती गुंडाळून रडत गेली. मला ते तेव्हाही आवडलं नाही, आजही आवडत नाही. पण त्यांनी "काप" म्हटलं की आमचा हात कापायला लागायचा आणि "उसव" म्हटलं की उसवायला. मधे विचार करायला जागाच नसायची. पुढे जे झालं ते या सवयीने झालं.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. आदल्या वर्षी मला दिवस गेले तेव्हा आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दुसऱ्याच दिवशी अख्ख्या वस्तीवर पेढे वाटले. तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. दृष्ट लागली, असं ठरलं. म्हणून पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी आणि नवऱ्याने ठरवलं, तीन महिने पुरे झाल्याशिवाय आईलासुद्धा सांगायचं नाही. आमच्याकडे ही रीतच आहे, नवं काही केलं नाही. पण एक रीत पाळताना दुसरी आडवी येईल, हे आम्हा दोघांच्या ध्यानात आलं नाही.

त्या पावसाळ्यात सूर्यग्रहण आलं. गरोदर बाईने ग्रहणात विळी, सुई, कात्री धरायची नाही, काही चिरायचं-कापायचं नाही, अंधाऱ्या खोलीत सरळ पडून राहायचं. नाहीतर पोराचा ओठ फाटका निघतो. हे मला कुणी वेगळं शिकवलं नव्हतं, आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेलं. पण मी अंधाऱ्या खोलीत पडले असते तर न सांगता सगळं उघड झालं असतं. क्लासला गेले नसते तरी आत्यांनी विचारलंच असतं, का गं, आज काय विशेष? म्हणून मी बेत केला. नेहमीसारखं क्लासला जायचं, लवकर निघायचं, ग्रहण लागायच्या आत घरी येऊन डोकं दुखतंय म्हणून पडायचं. साडेपाचच्या सुमारास लागणार होतं. वेळ भरपूर होता.

त्या दिवशी आम्ही तिघीच आलो होतो. आभाळ सकाळपासून गच्च भरलेलं, खोलीत दिवसा दिवा लावलेला. आणि नेमकं त्याच दिवशी बाईंनी माझ्यापुढे कापड टाकलं. सहा महिने मी नुसते पेपर कापले होते. मी आणलेल्या, माझ्या सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा कडेचा चांगला तुकडा घेऊन त्या म्हणाल्या, "घे. झबलं काप." सगळ्यांना पहिलं कापड झबल्याचंच मिळायचं, कारण त्याला सगळ्यात कमी लागतं. मला नको म्हणवेना. खरं सांगायचं तर नको म्हणायचंच नव्हतं, मी हरखले होते. बाकीच्या दोघी गेल्या. मी आखत बसले, पुसत बसले, परत आखत बसले. मधे एकदा विचारलं, "किती वाजले हो बाई?" उत्तर ठरलेलं होतं. बाहेर काळोखी वाढत होती, मला वाटलं पाऊस येतोय.

मी गळ्याचा गोल कापायला घेतला. कात्री अर्ध्यावर आली आणि गल्लीतून हाक आली.

"दे दाऽन, सुटे गिराऽण!"

दान मागत फिरणाऱ्या बाया होत्या. ग्रहण लागलेलं होतं. कधीच लागलेलं होतं.

माझा डावा हात आपोआप पोटावर गेला. उजव्या हातात कात्री, तिची दोन्ही पाती कापडात उघडी. बाई समोर उभ्या होत्या. त्यांनी माझा पोटावरचा हात बघितला आणि मग, बहुधा पहिल्यांदाच, माझ्या तोंडाकडे बघितलं. बाहेर परत हाक आली.

"काप," बाई म्हणाल्या.

"बाई, गिराण..."

"अर्ध्यात थांबली की कापड वढतं. पुरं कर."

आणि मी कापलं. वीतभरसुद्धा राहिलं नव्हतं. चार वेळा कात्री उघडली आणि मिटली, कापडाचा गोल तुकडा खाली पडला. मी कात्री जमिनीवर ठेवली आणि तिथेच भिंतीला टेकून बसले.

"कितवा?" बाईंनी विचारलं.

"तिसरा लागलाय. तुमाला कसं कळलं?"

"बत्तिसाची चौतीस उगाच व्हत न्हाई कुनी. पंधरा दिस झाले मला कळून. घरी सांगितलंस?"

"न्हाई."

"मंग मला बी ठावं न्हाई."

ते कापड मी तिथंच टाकलं आणि पळाले. घरी पोहोचले तोवर ग्रहण सुटून सगळ्यांच्या आंघोळी झाल्या होत्या. आत्या दारातच उभ्या होत्या. गाडी नव्हती, स्टँडवर बसून राहिले, असं मी सांगितलं. हे पहिलं खोटं. त्या दिवसापासून मी क्लासला जाणं बंद केलं.

महिन्याभराने आम्ही आत्यांना बातमी सांगितली. त्या आधी हसल्या, मग बोटांवर महिने मोजले, आणि मोजता मोजता त्यांचं हसू गेलं.

"म्हंजी गिराणात तू पोटुशी व्हतीस?"

"व्हय आत्या."

"अन् त्या बाईकडं गेली व्हतीस?"

"लवकर निघाले व्हते. स्टँडवर बसून व्हते."

"हातात काय धरलं न्हाईस ना? सुई, कात्री?"

"न्हाई."

हे दुसरं खोटं. आत्यांनी सुस्कारा सोडला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग मायेनेच ती गोष्ट सांगितली. बाईंना एक मुलगी झाली होती. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. दूध ओढता येत नव्हतं, अडीच महिन्यांत गेली. कारण काय, तर बाई ग्रहणात ब्लाउज कापत बसल्या होत्या. कुणाच्या तरी लग्नाचं काम होतं, हाव सुटली. नवऱ्याने त्याच वर्षी टाकलं. "सगळ्या जुन्नरला ठावं हाय," आत्या म्हणाल्या, "मी तुला आदीच सांगाया पायजे व्हतं. बरं झालं बाय, तू काय धरलं न्हाईस."

मी मान हलवली आणि मोरीत जाऊन ओकले. आत्यांना वाटलं डोहाळे.

तिथून पुढचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं. एसटीत कुणाचं तान्हं दिसलं की मी आधी त्याचा ओठ बघायची. पावडरच्या डब्यावरचं गुटगुटीत बाळ नकोसं झालं, मी डबा उलटा ठेवायला लागले. आत्या जरा गप्प बसल्या की वाटायचं, कुणीतरी सांगितलं. जिच्या खोलीत मी कापलं, तिचंच पोर तसं निघालं होतं, याहून वेगळा पुरावा काय हवा होता? नवऱ्याला सांगावंसं वाटायचं, पण सांगितलं असतं तर आम्ही दोघं भ्यालो असतो, एवढाच फरक. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मंचरला माहेरी गेले तेव्हा आई मला सोनोग्राफीला घेऊन गेली. डॉक्टर पडद्याकडे बघत होते. मी विचारलं, "तोंड दिसतंय का?"

"बाई, मुलगा की मुलगी इथं सांगत नाहीत. बाहेर बोर्ड आहे तो वाचा."

"ते नको मला. ओठ बघा. ओठ नीट आहे का?"

डॉक्टरांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग परत पडद्याकडे. बराच वेळ ते यंत्र पोटावर फिरवत राहिले. "हात आलाय तोंडावर," ते म्हणाले. "नाही दिसत." मी आणखी थोडं बघा म्हटलं. त्यांनी बघितलं. हात हलला नाही.

त्यानंतर मला राहवेना. सातवा महिना संपत आला होता. जुन्नरला परत आल्यावर बाजाराच्या निमित्ताने मी बाईंच्या खोलीवर गेले. त्या एकट्या होत्या, काजं करत होत्या. मी उभ्यानेच विचारलं.

"माहीत असून मला का बसवलंत?"

त्यांनी मान वर केली नाही. "बसवली न्हाई. पन उठवली बी न्हाई. ते खरं."

"तुमच्या पोरीचं तसं झालं व्हतं, तरी?"

सुई थांबली. "काय सांगितलं तुला?"

"गिराणात तुमी ब्लाउज कापत व्हता."

"मला तवा बटन लावता येत न्हवतं," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "घरात मशीन न्हाई, कात्री न्हाई. नवऱ्याची बटनं सासू लावायची अन् मला नावं ठिवायची. गिराण लागलं तवा मी अंधाऱ्या खोलीत पडून व्हते, पोटावर तुळशीचं पान ठिवून. सासू दाराशी बसली व्हती राखण. डास चावला तरी खाजवलं न्हाई. लघवीला लागली तरी उठले न्हाई, सुटंपतूर. मला लई हौस व्हती गं पोराची. समदं पाळलं मी."

"मग?"

"मंग काय. पोरगी तशी आली. सासू म्हनली, हिनं कायतरी कापलंच असनार. काय कापलं ते ठरंना. कुनी म्हनलं विळी, कुनी म्हनलं अडकित्ता. शेवटी कात्रीवर ठरलं. मी वरडून सांगितलं, मी पडून व्हते. ऐकतंय कोन? पोरीला कापसाच्या बोळ्यानं पाजत व्हते, थेंब थेंब. अर्धं नाकातनं बाहेर यायचं."

त्यांनी दोरा दातांनी तोडला.

"शिवण कधी शिकलात मग?"

"तिच्या मागनं. नवऱ्यानं आनून भावाच्या दारात सोडली. लोक म्हनतच व्हते कात्री धरली, कात्री धरली. म्हनलं, आता धरू."

मी खाली बसले. त्यांनी काजाचा सदरा बाजूला ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून माझ्याकडे सरळ पाहिलं.

"एक कर माजं. तुजं नीट झालं, तर बारशाला चार बाया जमतील, त्यांच्यासमोर एकदा सांग. गिराणात कात्री धरली व्हती, अन् माजं लेकरू नीट हाय. एवढंच. माजं नाव बी घेऊ नको."

"आणि नीट नाही झालं तर?"

आतलं घड्याळ भिंतीकडे तोंड करून चाललं होतं.

"तर माजं नाव घे," त्या म्हणाल्या. "सांग, बाईनं दमदाटी करून कापाया लावलं. खोटं न्हाई ते."

"सांगेन," मी म्हटलं. कबूल केलं ते मनापासून केलं. त्या घडीला लेकरू नीट व्हावं म्हणून मी कुणाला काहीही कबूल केलं असतं, हेही तितकंच खरं.

मंचरला एका सकाळी मी बाळंत झाले. नर्स म्हणाली, मुलगी. मी म्हटलं, तोंड दाखवा. तिला वाटलं मला ती कुणावर गेलीय ते बघायचंय, ती हसत हसत पुसतच बसली. मी ओरडले, "आधी तोंड दाखवा!" तिने दुपट्यासकट पोर माझ्या गळ्याशी आणली. मी अंगठा तिच्या वरच्या ओठावरून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवला. सलग होता. मी इतकी रडले की आईला वाटलं मुलगी झाली म्हणून रडतेय, आणि ती माझ्यावरच चिडली.

बारसं आत्यांच्या हट्टाने सासरी, लेण्याद्रीच्या रस्त्यालाच झालं. वस्तीवरच्या सगळ्या बाया आल्या होत्या, ओसरी भरली होती. बाईंना निरोप मीच धाडला होता. ते एक वाक्य मी आठ दिवस भांडी घासताना, पोरीला न्हाऊ घालताना मनात म्हणून बघत होते. बाई आल्या आणि दाराजवळच, सगळ्यांच्या मागे टेकल्या. खणांच्या तुकड्यांची जोडून शिवलेली कुंची त्यांनी आणली होती. आत्यांनी ती दोन बोटांत धरली आणि फडताळावर टाकली. बाईंना ते दिसलं. त्या उठून पाळण्यापाशी आल्या, वाकल्या, आणि माझ्या मुलीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. हात लावला नाही. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पुन्हाही पाहिलं नाही. मग त्या जाग्यावर जाऊन बसल्या.

नाव ठेवून झालं. घुगऱ्या वाटायला घेतल्या. आत्यांच्या चुलत जाऊबाई पाळण्यात डोकावून म्हणाल्या, "नाकीडोळी झ्याक हाय पोरगी. गिराणातली असून."

"पाळलंच तसं आमच्या सुनंनं," आत्या म्हणाल्या.

"पन गिराण लागलं तवा ही क्लासातच व्हती म्हनं."

आत्यांचा हात घुगऱ्यांच्या पातेल्यात तसाच राहिला. त्या माझ्याकडे वळल्या. "काय गं? स्टँडवर व्हतीस ना तू?"

याहून नीट वेळ येणार नव्हती. चार बाया समोर होत्या, चाळीस होत्या. लेकरू पाळण्यात नीट होतं. बाई दाराजवळून माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं आणि मला आत्यांचा चेहरा दिसला. सात महिने मी त्यांच्याशी खोटं बोलले होते, ते आता सगळ्या वस्तीसमोर उघडं पडणार होतं. आणि उद्या पोरीला साधा ताप आला, पाय उशिरा फुटला, बोलायला उशीर झाला, तर काय ठरेल, हेही दिसलं. कात्रीवर ठरेल. मी तोंड मिटलं आणि पाळण्याची दोरी ओढायला लागले. माझी मान खाली होती. मी भ्याले. याला दुसरा शब्द नाही.

दाराजवळून बाईंचा आवाज आला.

"व्हती की क्लासला. गाडी न्हवती म्हनून स्टँडवरनं माज्याच दारात आली. पन तिच्या हातात कायबी न्हवतं. मीच म्हनलं, पोरी, आज कशाला हात लावू नको. दारात बसून व्हती, हात मांडीवर ठिवून."

आत्यांनी सुस्कारा सोडला. "बगा. मी म्हनतच व्हते."

"बाईंना ठावं असनारच की," चुलत जाऊबाई म्हणाल्या. "त्यांना चटका बसलाय. एकदा गिराणात कात्री धरून बसल्या, ते जल्माचं शानपन आलं."

सगळ्या बायांनी मागे वळून बाईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"व्हय," बाई म्हणाल्या. "आलं."

त्यांनी पदरात घुगऱ्या घेतल्या आणि त्या गेल्या. त्यानंतर त्या आठ-नऊ वर्षं होत्या. बाजारात भेटायच्या, माझ्या पोरीच्या फ्रॉकची शिवण उलटी करून बघायच्या, "उसव" म्हणायच्या. तो विषय त्यांनी काढला नाही आणि मला काढायचं धाडस झालं नाही. आता त्या नाहीत, आत्या नाहीत, त्या दिवशीच्या ओसरीतल्या निम्म्या बाया नाहीत. पोरगी मोठी झाली आहे. तिला मी हे गेल्या आठवड्यात सांगितलं, आणि ती म्हणाली, "मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

गिराणात कात्री मी धरली होती, आणि माझं लेकरू नीट आहे. एवढंच म्हणायचं होतं.